घरची काटकसर आणि ऋणमुक्ति

ज्या घरांत कर्ज हा शब्द मोठ्यानें उच्चारला जात नाहीं, त्याच घरांत तें बहुधा ठाण मांडून बसलेलें असतें. आईबाप आपसांत हलक्या आवाजांत बोलतात, मुलें जवळ आलीं कीं विषय बदलतात, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत घरावर मळभ येतें. मुलांना यांतलें कांहीं कळत नाहीं, अशी वडील माणसांची समजूत असते. वास्तविक मुलांना सारें कळतें, फक्त नीट कळत नाहीं. आणि त्या अर्धवट कळण्यांतून कधीं भीति उपजते, तर कधीं हट्ट. म्हणून यंदाच्या वार्षिक अंकांत या नाजूक विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: ऋणमुक्तीचा मार्ग घरच्या काटकसरींतूनच जातो, परंतु ती काटकसर उघड्या हिशेबानें, सर्वांच्या विचारानें आणि सर्वांनीं आपापला वांटा उचलून केली, तरच ती शेवटास जाते.

आपल्या माजिवड्याचेंच उदाहरण घ्या. एके काळीं हें ठाण्याशेजारचें एक गांव होतें. १९८२ सालीं ठाणें महानगरपालिका स्थापन झाली आणि आसपासचीं अनेक गांवें शहरांत सामावलीं गेलीं, त्यांत माजिवडाही आला. आज जेथें महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात, तेथें उड्डाणपुलांच्या दोहों बाजूंस उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या सांवलींत जुन्या गांवठाणाचीं घरें आहेत. रात्रीं त्या इमारतींतील दिवे पाहून गांवठाणांतल्या मुलाला वाटतें कीं, तेथें लक्ष्मी नांदते आहे. त्यांतील पुष्कळ दिवे पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यांच्या ओझ्याखालीं जळत असतात, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. इकडे गांवठाणांतल्या घरींही एखादें लग्न, एखादें आजारपण, एखादी रिक्षा किंवा टेंपो पतपेढीच्या वहींत नोंदलेला असतो. उंच घर असो वा बैठें, पहिल्या तारखेची चिंता दोन्हींकडे सारखीच.

याच भागांतील जुन्या बायकांना काटकसर कोणी शिकवावी लागत नसे. आगोट जवळ आली, म्हणजे पावसाळा तोंडावर आला, कीं घरोघर बेगमी सुरू होई. तांदूळ, डाळ, मीठ, मसाला, लोणचें, पापड, सुकी मासळी, सरपण, सारें चार महिन्यांच्या हिशेबानें भरून ठेवावयाचें. पावसांत काम बंद, होडी बंद, हातांत पैसा येणार नाहीं, हें त्यांना पक्कें ठाऊक असे. म्हणून जेव्हां हातांत होतें तेव्हांच त्या पुढचें पाहात. या शहाणपणाला त्यांनीं कांहीं मोठें नांव दिलें नव्हतें. आजच्या पगारदार घरांत पावसाळा ठराविक महिन्यांत येत नाहीं. नोकरी जाणें, दुखणें येणें, व्याजाचा दर चढणें हे आजचे पावसाळे आहेत, आणि ते न सांगतां येतात. म्हणून आगोटीची बेगमी आज अधिकच हवी.

कर्ज म्हणजे पाप, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ठाण्यासारख्या शहरांत साध्या नोकरदारानें कर्जाशिवाय डोक्यावर छप्पर करावें, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. घरासाठीं, मुलांच्या शिक्षणासाठीं, धंद्याच्या साधनासाठीं विचारपूर्वक घेतलेलें कर्ज हें शेतकऱ्यानें बियाण्यासाठीं काढलेल्या कर्जासारखें आहे. त्यापासून पुढें कांहीं उगवतें. परंतु ऋण काढून सण करणें ही निराळी गोष्ट आहे. वाढदिवसाचा समारंभ, नवा मोबाइल, हळदीच्या एका रात्रीची मिजास, शेजाऱ्याच्या मंडपाहून मोठा मंडप, यांसाठीं काढलेल्या कर्जांतून व्याजाखेरीज कांहींच उगवत नाहीं. हळदीच्या व लग्नाच्या खर्चाला आळा घालावा, असें आपल्या ठाणें-कल्याणच्या आगरी-कोळी समाजांतील जाणत्या मंडळींनीं वेळोवेळीं बोलून दाखविलें आहे. इतर समाजांनींही हा उपदेश आपल्याला नाहीं असें समजूं नये. मिजास कोणत्याही जातीची वा धर्माची मक्तेदारी नाहीं.

लग्नाच्या कर्जानें माणसाचें काय होऊं शकतें, हें ठाणें जिल्ह्याच्या इतिहासांतील एका शब्दांत सांठलेलें आहे. तो शब्द म्हणजे ‘लग्नगडी’. उंबरगांव, डहाणू या भागांतील वारली तरुण लग्नासाठीं जमीनदार-सावकाराकडून थोडीशी रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबण्याचें कबूल करी. रक्कम लहान, पण हिशेबाची वही सावकाराच्या हातांत, आणि पाड्यावर ती वाचूं शकणारा माणूस नाहीं. मग रक्कम फिटावी कशी? नवरा राबे, त्याच्याबरोबर बायको राबे, आणि आयुष्य सरलें तरी कर्ज उरे. १९४५ च्या जानेवारींत कल्याणनजीक टिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन भरलें, तेथें कांहीं वारली आले होते. त्याच वर्षीं २३ मे रोजीं उंबरगांव तालुक्यांतील झरी या गांवीं हजारों वारल्यांनीं एकत्र जमून यापुढें वेठ करणार नाहीं, असा निश्चय केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे पुढारी होते. गोदावरीबाईंनीं ती सर्व हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. पुढें १९७६ सालीं वेठबिगार नाहींशी करणारा कायदा साऱ्या देशास लागू झाला. त्यांतील डहाणूकडचा भाग २०१४ पासून निराळ्या पालघर जिल्ह्यांत गेला असला, तरी ही आपल्याच जिल्ह्याची कथा आहे.

या कथेंतून आम्ही एकच बोध घेतों. वारल्याला बांधून ठेवणारी दोरी रुपयांची जितकी होती, तितकीच न वाचलेल्या वहीची होती. आज आपल्या घरांत शिकलेलीं माणसें आहेत. तरीही कर्जाचा करारनामा कितीजण वाचतात? सही करावयाच्या जागीं खूण केलेली असते, तेथें सही होते. मोबाइलवर मिळणाऱ्या तात्काळ कर्जांत तर सहीचेही श्रम नाहींत, बोट टेकविलें कीं झालें. आपण शाळेंत वाचावयास शिकतों तें केवळ परीक्षेसाठीं नव्हे. नववी-दहावींतल्या मुलानें वा मुलीनें वर्षांतून एकदां आईवडिलांच्या शेजारीं बसून कर्जाच्या खात्याचा उतारा वाचावा: मुद्दल किती राहिलें, व्याज किती गेलें, मुदत किती उरली. आमच्या मतें घरच्या काटकसरीचा आरंभ येथून व्हावा. डाळतांदळाचा विचार त्याच्या नंतर.

तो उतारा वाचला म्हणजे एक आश्चर्य दिसून येतें. समजा, एका गृहस्थानें घरासाठीं ३० लाख रुपयांचें कर्ज साडेआठ टक्के व्याजानें २० वर्षांच्या मुदतीवर घेतलें. त्याचा मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये होतो. पहिल्या महिन्याचें व्याजच २१,२५० रुपये. म्हणजे एवढा मोठा हप्ता भरूनही मुद्दलांतून पांच हजार रुपयेसुद्धां कमी होत नाहींत! वीस वर्षें असेंच भरीत राहिल्यास एकूण ६२ लाखांहून अधिक रुपये जातात. आतां हेंच घर आरंभापासून दरमहा २,००० रुपये वांचवून हप्त्याबरोबर अधिक भरूं लागलें, आणि व्याजाचा दर तोच राहिला असें धरलें, तर कर्ज २४० ऐवजीं सुमारे २०१ महिन्यांत फिटतें. सवातीन वर्षें आधीं सुटका, आणि व्याजांत सुमारे सहा लाखांची बचत. थेंबे थेंबे तळें सांचतें, ही म्हण आपण लहानपणीं पाठ करितों. तिचा पुरावा या उदाहरणांत आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें, आमच्या सांगण्यावर विसंबूं नये.

या हिशेबांतून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, कर्जाच्या आरंभींच्या वर्षांत वांचविलेला रुपया शेवटच्या वर्षांतल्या रुपयापेक्षां पुष्कळ अधिक काम करितो. म्हणून काटकसर करावयाची तर ती आधीं करावी. बदलत्या व्याजदराचें गृहकर्ज वैयक्तिक कर्जदारानें मुदतीपूर्वीं फेडल्यास बँकांनीं त्यासाठीं दंड आकारूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच ठरवून दिलें आहे. या सवलतीचा लाभ घ्यावा. दुसरी गोष्ट अशी कीं, व्याजाचा दर चढला म्हणजे पुष्कळदां हप्ता तोच राहतो आणि मुदत मात्र गुपचूप लांबते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवकाशांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हां अनेक घरांत असेंच झालें. २०२३ च्या ऑगस्टमध्यें रिझर्व्ह बँकेनें कर्ज देणाऱ्या संस्थांना बजाविलें कीं, अशा वेळीं हप्ता वाढवावा कीं मुदत, हें कर्जदाराला कळवून त्याला निवड करूं द्यावी. पण जो विचारावयास जातो, त्यालाच निवड मिळते. आणि दर उतरला तर हप्ता कमी करून घेण्याऐवजीं तोच चालूं ठेवावा. कर्ज आपोआप लवकर सरतें.

एकाहून अधिक कर्जें असतील तर सर्वांत जड व्याजाचें आधीं फेडावें. क्रेडिट कार्डाची थकबाकी बहुधा याच जातीची असते. दरमहा साडेतीन टक्के हें ऐकावयास किरकोळ वाटतें. परंतु दहा हजारांची बाकी वर्षभर तशीच राहूं दिली, तर चक्रवाढीनें ती पंधरा हजारांवर जाते. त्याबरोबरच दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय सारी शिल्लक कर्जांत ओतूं नये. नाहीं तर घरांत तापाचा रोगी निघाला कीं पुन्हां तेंच कार्ड बाहेर येतें. ही आजची आगोट.

आतां वांचवावयाचें कोठें? येथें प्रत्येक घराला आपापलें अंथरूण पाहून पाय पसरावे लागतील. आम्ही केवळ दिशा दाखवूं. महिन्याचें वाणसामान यादी करून एकदम आणावें. जांभळी नाक्याच्या बाजारांत एक फेरी केली तर दररोज कोपऱ्यावरच्या दुकानांत होणाऱ्या फुटकळ खर्चाला आपोआप लगाम बसतो. दुपारचा डबा घरून न्यावा. दारावर मागविलेलें खाणें महिन्यांतून एखादे वेळींच असावें. बस मिळत असेल तेथें रिक्षा नको. वडील भावंडाचीं पुस्तकें धाकट्यानें वापरावीं, गणवेषाची शिवण उसवून एक वर्ष अधिक काढावें. त्यांत लाज कसली? ख्रिस्ती कुटुंबांना पुनरुत्थानाच्या सणापूर्वींच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची, हिंदु कुटुंबांना चातुर्मासाची, मुसलमान कुटुंबांना रमझानची संवय आहेच. मन आंवरणें हें आपणां सर्वांना वाडवडिलांनीं शिकविलेलें आहे. त्या संवयीचा उपयोग पैशाच्या बाबतींतही करावा.

मात्र कोठें वांचवूं नये, हेंही तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. दूध, भाजी, औषध आणि शिक्षण यांवर सुरी चालवून केलेली बचत पुढें दामदुपटीनें फेडावी लागते. आणि आणखी एक गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक खुपते. पुष्कळ घरांत काटकसर म्हणजे आईची काटकसर असा अर्थ झालेला आहे. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्यांत उरेल तें तिचें; तिची साडी पुढच्या दिवाळीवर, तिचा चष्मा त्याच्याही पुढच्या. काटकसरीची दुसरी पाळी मुलीची: भावाची शिकवणी चालूं, तिची बंद. घरचा कर्ता मात्र मित्रमंडळींतला खर्च हा आपल्या प्रतिष्ठेचा भाग समजतो, आणि मुलगा नव्या मोबाइलसाठीं जेवण टाकून बसतो. अशा घरांत कर्ज फिटलें तरी त्याला ऋणमुक्ति म्हणतां येणार नाहीं. बँकेचें ऋण उतरून तें आईच्या व मुलीच्या शरीरावर चढविलें, एवढेंच झालें. हें ऋण फेडण्याला कोणताही हप्ता पुरत नाहीं.

ओझें वांटून घेतलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील लवकर वारले, तेव्हां वडील बंधु गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीस लागले. दरमहा पंधरा रुपये पगार. त्यांतील आठ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठीं धाडीत आणि उरलेल्या सातांत आपला संसार चालवीत. गोपाळरावांना त्या आठ रुपयांची किंमत ठाऊक होती, म्हणून त्यांनीं ते काळजीनें वापरले. भावानें आपला हिशेब झांकून ठेविला असता, तर धाकट्याला ही जाणीव कोठून आली असती?

पवित्र शास्त्रांतील एका विधवेची गोष्ट आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांनीं ऐकली असेल. नवरा वारला, कर्ज उरलें, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली, तेव्हां त्यानें प्रथम विचारलें तें हें कीं, तुझ्या घरांत काय आहे? घरांत थोडेंसें तेल होतें. त्याच्या सांगण्यावरून तिनें शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणलीं, मुलांना आंत घेऊन दार लावलें, आणि मुलें एकेक भांडें पुढें करीत असतां ती तेल ओतीत गेली. भांडीं संपेपर्यंत तेल पुरलें. तें विकून तिनें कर्ज फेडलें व उरलेल्यावर सर्वांचा निर्वाह झाला. चमत्कार हा श्रद्धेचा विषय आहे. त्याविषयीं येथें वाद नको. परंतु चमत्काराच्या आधींचा भाग साऱ्यांनींच ध्यानांत घेण्याजोगा आहे. घरांत काय आहे याची मोजदाद आधीं झाली, शेजाऱ्यांची मदत भांड्यांच्या रूपानें आली, आणि ज्या मुलांवर दास होण्याची पाळी होती तींच मुलें त्या कामांत आईच्या बाजूला उभीं होतीं. तिनें त्यांच्यापासून संकट लपविलें नाहीं.

यावर कांहीं पालक म्हणतील कीं, कोवळ्या वयांत मुलांच्या मनावर पैशाची काळजी लादूं नये. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचा आम्ही आदर करितों. पांचवींतल्या मुलापुढें थकलेल्या हप्त्याची नोटीस वाचावी, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला एवढेंच सांगावें कीं, या घराचे पैसे अजून द्यावयाचे आहेत, आपण सर्व मिळून देत आहों, तूं वर्गाबाहेर पडतांना दिवा-पंखा बंद करतोस तसा घरींही करीत जा. मोठ्या मुलांना मात्र आंकडे दाखवावे. काळजी आणि जबाबदारी यांत फरक आहे. ज्याला कांहीं करतां येत नाहीं, त्याच्या वांट्याला नुसती काळजी येते. ज्याच्या हातीं एखादें काम दिलें आहे, तो जबाबदार होतो. महिन्याच्या वाणसामानाची यादी आणि विजेच्या बिलाचा हिशेब मुलांच्या हातीं सोंपवून पाहावा. हट्ट कमी झाल्याचा अनुभव आईबापांना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येईल, असा आमचा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्या घरांत मिळकतच दोन वेळच्या जेवणाला पुरत नाहीं, तेथें काटकसरीचें व्याख्यान काय कामाचें? हें अगदीं खरें आहे. जो रोजंदारीवर जगतो, त्याला उपदेश नको, योग्य मजुरी हवी. आणि अडीअडचणीला माफक व्याजानें पैसा मिळण्याची सोय हवी. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद हिसकावून जाळले, त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. आणि १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पतपेढ्या व सहकारी बँका या त्याच वाटेनें आल्या. घरांतली काटकसर हा या मोठ्या प्रयत्नांचा पर्याय नव्हे. जेथें थोडें तरी शिल्लक राहूं शकतें आणि तें मिजासीपायीं राहत नाहीं, अशा घरांशींच आमचें बोलणें आहे; आणि अशीं घरें माजिवड्यांत थोडीं नाहींत.

काटकसर आणि कृपणता यांत जो घोटाळा केला जातो, त्याविषयीं शेवटीं दोन शब्द. कृपण माणूस पैसा धरून ठेवतो तो कोणासाठींच नाहीं. काटकसरी माणूस तो राखतो तो कशासाठीं तरी. कर्जांत असलेल्या काटकसरी घरींही पाहुण्याला चहा मिळावा, दारीं आलेल्या भुकेल्याला भाकरी मिळावी, आणि सणाच्या दिवशीं मुलांच्या ताटांत गोड असावें. घराला आनंद नको असें ज्या काटकसरीला वाटूं लागतें, ती फार दिवस चालत नाहीं; एके दिवशीं कंटाळून सारें घर दुप्पट खर्च करून मोकळें होतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या आईवडिलांनीं हप्ता भरून मगच तुमची फी भरली आहे, आणि कित्येकांनीं फी भरून मग हप्त्याची तजवीज केली आहे. त्यांच्यापाशीं बसा, वही मागा आणि ती वाचा. पालकहो, ती वही त्यांच्या हातीं देण्यास संकोच करूं नका. ज्या दिवशीं शेवटचा हप्ता जाईल आणि घराचे कागद घरीं येतील, त्या दिवशीं तुमच्या मुलांना तो आपलाही विजय वाटावा, एवढीच आमची इच्छा आहे. परमेश्वर या शाळेच्या प्रत्येक घराला तो दिवस लवकर दाखवो.